कसणारा आणि कसणारी : दादासाहेब गायकवाड यांच्या चरित्रातील गायरानाचा प्रश्न

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव घेतले की मराठी वाचकासमोर प्रथम नाशिकचे काळाराम मंदिर उभे राहते आणि त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा निष्ठावंत सहकारी. भूमिहीनांचा लढा त्यांच्या नावाशी जोडलेला असतो हे खरे; परंतु तो बहुधा मोर्चा, अटक आणि मागण्या यांच्या हकिगतीपुरता सांगितला जातो. जी जमीन मागितली गेली तिच्यावर प्रत्यक्ष कोण राबत होते आणि ती पुढे कागदावर कोणाच्या नावाने चढली, हा प्रश्न चरित्रलेखनाच्या कक्षेत सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात दादासाहेबांच्या आयुष्याकडे गायरानाच्या बाजूने, आणि गायरानाकडे ते कसणाऱ्या स्त्रीच्या बाजूने पाहावयाचे आहे.

हा प्रश्न प्रस्तुत लेखिकेला ग्रंथातून सुचला नाही. उमरगा हा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. येथे अध्यापन करीत असताना दरवर्षी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासावे लागतात. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात बहुतेकजण घरकाम असे लिहितात. त्याच मुलामुलींशी चार शब्द बोलले की कळते, आई गायरानाच्या दोन एकरांवर पेरणीपासून राशीपर्यंत राबते आहे, आणि वडील वर्षातील कित्येक महिने ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे असतात. हा तुकडा कोणाचा, असे विचारले तर उत्तर वडिलांच्या नावाने येते. त्या उत्तरामागे पाऊण शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी दादासाहेब गायकवाड आहेत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. ज्या समाजात ते जन्मले त्या समाजाचे जमिनीशी असलेले नाते आज समजावून घ्यावे लागते, कारण ते साध्या मालकीचे नव्हते. महार वतनाची जमीन ही गावातील सगळ्या महार घरांची सामाईक. हाडकी, हाडोळा या नावांनी ती ओळखली जाई. घरे वाढत गेली, तुकडे लहान होत गेले. परंतु जमिनीच्या बदल्यात करावयाची गावकी काही कमी झाली नाही. रात्री-बेरात्री सरकारी हुकूम पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, लाकडे फोडणे, ही कामे पाळीने चालत. पुरुष वेसकर म्हणून नोंदला जाई. स्त्रियांची मेहनत मात्र कोणत्याही पाळीत मोजली गेली नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनाने हे वतनातील राबणे स्त्रीच्या डोळ्यांनी प्रथमच इतक्या विस्ताराने मांडले. ‘बलुतं’ (१९७८) वाचून ज्यांनी वतनाची कल्पना केली, त्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू दिसतात.

कायद्याने या विषमतेला आकार दिला. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात १८८६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता वतनदार घराण्यातील इतर स्त्रियांचा वारसाक्रम त्या घराण्यातील प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलला गेला. म्हणजे मुलगी किंवा बहीण यांची पाळी दूरच्या चुलतभावानंतर. तर्क उघड होता. वतन हे चाकरीसाठी, आणि चाकरी पुरुषाची. जमीन सामाईक असली तरी तिचे सामाईकपण पुरुषांपुरते होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. निजामाच्या मुलखात हा कायदा लागू नव्हता. तेथे रिवाज हेच काम करीत असे.

तरुण भाऊराव सार्वजनिक कार्यात आले तेव्हा आंबेडकरी चळवळीने वतनाचा प्रश्न हाती घेतलेला होता. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. दोन वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीसपद भाऊरावांकडे होते आणि १९३५ पर्यंत रेंगाळलेल्या या लढ्याचा रोजचा भार प्रामुख्याने त्यांनी वाहिला. मंदिराच्या चार दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हा आकडा चरित्रग्रंथांतून वारंवार येतो. स्त्रिया मोजल्या गेल्या, एवढे तरी झाले. बाबासाहेबांचा आणि भाऊरावांचा पत्रव्यवहार याच काळात वाढला. पुढे प्रकाशित झालेली ही पत्रे दोघांच्याही अभ्यासाचे एक महत्त्वाचे साधन आहेत. १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या परिषदेतील धर्मांतराच्या घोषणेनंतर मंदिरप्रवेशाचा विषय मागे पडला. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब मुंबई विधानसभेत गेले. खोती आणि वतने यांविरुद्धची विधेयके, शेतकऱ्यांचा मुंबईतील मोर्चा यांचा हा काळ. मंदिराच्या पायरीवरून चळवळ शेताच्या बांधावर आली, ती येथे.

आपल्या भागाशी या प्रश्नाचा संबंध १९४१ मध्ये येतो. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तेथे आले. हैदराबाद संस्थानच्या हद्दीत वतनाच्या गुलामीविषयी इतक्या उघडपणे बोलले जाणे ही साधी गोष्ट नव्हती. परिषदेचे नाव मात्र विचार करावयास लावते. वतनदार हा शब्द पुल्लिंगी आहे. वतन नको आणि त्याची चाकरीही नको, हे म्हणण्याचा अधिकारदेखील व्याकरणाने वतनदाराला दिला. वतनात राबणाऱ्या बाईला त्या व्यवस्थेत नावच नव्हते, मग तिने राजीनामा कशाचा द्यावयाचा?

वतनाच्या जमिनीला चाकरीचे दावे होते, म्हणून तिच्यापासून सुटका हवी होती. परंतु सुटका झालेला माणूस खाणार काय? या प्रश्नाला मराठवाड्याने गायरानाचे उत्तर दिले. हैदराबादच्या महसुली परिभाषेत गायरान, परमपोक, खारीज खाता असे पडीक आणि सरकारी जमिनींचे प्रकार होते. गायरान गावच्या गुरांसाठी राखलेले, म्हणून नावाने सगळ्या गावाचे. परंतु ज्यांच्याकडे गुरे होती, व्यवहारात ते त्यांचे. गावाच्या सामाईक जमिनीतून गावातील एक वस्ती आधीच वगळलेली होती. तेव्हा गायरान नांगरणे हे जितके पोटासाठी होते तितकेच गावात आपलाही वाटा आहे हे ठासून सांगण्यासाठी होते. १९५३ मध्ये बाबासाहेबांच्या प्रेरणेने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी पहिला सत्याग्रह झाला. बी. एस. वाघमारे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यात पुढे होते. तुरुंगात गेलेल्यांचा आकडा चळवळीच्या इतिहासांत सतराशेच्या आसपास सांगितला जातो, आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. उमरगा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

स्त्रियांचा या लढ्यातील सहभाग हा उत्साहाचा किंवा नेत्यावरील भक्तीचा भाग समजला जातो, आणि हे समजणे अपुरे आहे. गायरान ताब्यात ठेवणे म्हणजे ते एकदा नांगरून मोकळे होणे नव्हे. दगड वेचावे लागतात, काट्या काढाव्या लागतात, गावातील जनावरे मुद्दाम पिकात घातली जातात तेव्हा कोणीतरी राखणीला बसावे लागते. पुरुष मजुरीला गेला की ही राखण बाईकडे येते. उभे पीक मोडायला माणसे आली की समोर प्रथम तीच असते. म्हणून सत्याग्रहात तिचे असणे हे तिच्या रोजच्या असण्याचेच पुढचे पाऊल होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पक्षात लवकरच फूट पडली. बी. सी. कांबळे यांच्या गटाला भूमिहीनांचे लढे हा कम्युनिस्ट वळणाचा मार्ग वाटत होता. घटनेच्या चौकटीत राहून हक्क मिळवावेत असा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब खेड्यातील माणसांच्या भाषेत बोलणारे, खेड्यातील भुकेचा हिशेब ठाऊक असलेले. त्यांना जमीन हीच स्वाभिमानाची पहिली अट वाटत होती. या वादात प्रस्तुत लेखिकेचा कल दादासाहेबांकडे आहे, हे स्पष्ट केलेले बरे. वेगळ्या कारणाने का होईना, घटनेचा मार्ग सांगणाऱ्यांनीही स्त्रीच्या जमिनीचा विषय काढला नाही.

१९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून जुन्या मुंबई राज्याच्या भागात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ चा कायदा लागू झाला. वतन गेले आणि ठरावीक रक्कम भरल्यावर जमीन पूर्वीच्या धारकाला पुन्हा देण्याची तरतूद आली. धारक कोण, हे वतनाच्या जुन्या नोंदींवरून ठरणार होते. १८८६ चा क्रम अशा रीतीने वतन संपल्यावरही सातबाऱ्यावर उतरला.

पुढचा लढा अधिक व्यापक होता. १९६२ पासून दादासाहेब राज्यसभेचे सदस्य होते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर झाली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तो १९६५ च्या आरंभापर्यंत चालला. चळवळीच्या नोंदीप्रमाणे तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनींचे भूमिहीनांना वाटप, धान्याचे योग्य वितरण व भावनियंत्रण, झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारणे, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना सवलती, दलितांवरील अत्याचारांना आळा, अस्पृश्यताविरोधी कायद्याचे पालन, नोकऱ्यांतील राखीव जागा, असा त्या सनदेचा आशय होता. यांत स्त्रीच्या नावाने जमीन द्यावी असे कोठेही म्हटलेले नाही. शांताबाई दाणी यांच्यासारखी कर्तृत्ववान स्त्री या लढ्यात दादासाहेबांच्या बरोबरीने उभी होती आणि तिने तुरुंगवासही सोसला. भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलेले त्यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ (१९९०) हे आत्मकथन या काळासाठी वाचले पाहिजे. नेतृत्वात स्त्री होती आणि मागण्यांत ती नव्हती.

येथे भाषेकडे थोडे वळले पाहिजे, कारण आपण भाषेचे अभ्यासक आहोत. कसेल त्याची जमीन ही त्या काळातील सर्वांत परिणामकारक घोषणा. तिच्यातील कसेल हे क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवीत नाही; कसणारी स्त्री त्यात सहज सामावते. पुढचे सर्वनाम येताच ती बाहेर पडते. मराठीत सामान्य माणूस पुल्लिंगाने सांगितला जातो, असे यावर म्हणता येईल, आणि घोषणा रचणाऱ्यांच्या मनात वगळण्याचा हेतू नव्हता हेही मान्य. परंतु महसूल खात्याचे सगळे शब्द त्याच वळणाचे आहेत. खातेदार, कब्जेदार, वहिवाटदार, कुटुंबप्रमुख. कूळ हा एकच नपुंसकलिंगी शब्द, आणि त्याच्याही पुढे नाव पुरुषाचे. घोषणेतले सर्वनाम तलाठ्याच्या दप्तरात गेले की त्याचे विशेषनाम होते.

दादासाहेबांना या विषयाची जाण नसावी, असे म्हणणे कठीण आहे. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्या वेळी ते त्यांच्या निकटच्या वर्तुळात होते. स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क हा त्यांच्या नेत्याने पदापेक्षा मोठा मानलेला प्रश्न होता. मग एकाच चळवळीतील हे दोन प्रवाह, स्त्रीची मालमत्ता आणि भूमिहीनाची जमीन, एकत्र का आले नाहीत? एक कारण असे दिसते की हिंदू कोडाचा विचार वारशाने येणाऱ्या मालमत्तेचा होता, आणि भूमिहीनाच्या घरात वारशाने द्यावयास काही नव्हतेच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तर शेतजमिनीच्या कुळहक्कांचे, कमाल धारणेचे आणि तुकडेबंदीचे कायदे आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. ते कलम २००५ मध्ये गळाले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, तेही वडिलोपार्जित मालमत्तेपुरते.

परंतु नेमकी येथेच एक संधी दडलेली होती. गायरानाला वडील नाहीत आणि भाऊही नाही. ते शासन थेट देऊ शकते. बापाच्या जमिनीत वाटा मागणारी मुलगी भावाशी नाते तोडण्याची भीती बाळगते; गायरान मागणाऱ्या बाईला ती भीती नाही. सगळ्या जमिनींमध्ये ही एकच जमीन अशी होती की जी स्त्रीच्या नावाने करताना कोणाच्याही वारसाहक्काला धक्का लागत नव्हता. १९६४ मध्ये ही मागणी झाली असती तर ती मान्य झाली असती असे नव्हे. ती नोंदली मात्र गेली असती.

दादासाहेबांवर याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. भूदान चळवळीने दानपत्रे स्वीकारताना, किसान सभेने कूळकायद्यासाठी लढताना, तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याने जमिनी वाटताना कुटुंब हेच एकक धरले होते. हे एकक प्रथम ठळकपणे मोडले ते बिहारमध्ये. बोधगयेच्या मठाच्या जमिनींसाठी छात्र युवा संघर्ष वाहिनीने १९७८ पासून जो लढा दिला, त्यात भुइयां समाजातील स्त्रियांनी जमीन आपल्या नावाने मागितली. अधिकाऱ्यांनी घरात पुरुष असताना बाईला कशी द्यावयाची असे आढेवेढे घेतले, तरी काही गावांत त्यांनी ती मिळविली. आपल्याकडे शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले. तो कार्यक्रम जमीन असलेल्या घरांचा होता. गायरानावरच्या बाईला द्यावयास नवऱ्याच्याही नावावर काही नव्हते.

गायरानावरची नोंद होते ती अतिक्रमण म्हणून. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. तलाठी येतो, कोणाचा कब्जा म्हणून विचारतो, दंडाची पावती फाडतो. पावतीवर नाव घरातील पुरुषाचे, मग तो त्या दिवशी शेतात असो की परगावी. ही पावती त्या वेळी शिक्षा होती. पुढे शासनाने मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांचा विचार झाला. तेव्हा जुन्या पावत्या पुरावा ठरल्या. ज्याच्या नावाने दंड त्याच्या नावाने हक्क. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या निकालानंतर आणि त्याच वर्षीच्या १२ जुलैच्या शासननिर्णयानंतर गायरान रिकामे करण्याकडे कल झुकला, आणि या पावत्यांचे मोल आणखी वाढले. ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत त्या जपून ठेवणारी बहुधा बाईच असते.

तुरुंगाचे दप्तर याहून वेगळे असते. कैद्याची नोंद नवऱ्याच्या नावाने करता येत नाही. १९५३, १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांत ज्या स्त्रिया आत गेल्या, त्यांना शासनाने स्वतःच्या नावाने नोंदले. त्याच शासनाच्या महसूल दप्तरात त्या नाहीत. दादासाहेबांच्या चरित्रकाराने ही दोन दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली तर चरित्राला एक निराळी बाजू मिळेल. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या हकिगती टिपल्या. तशाच पद्धतीने गायरानाच्या लढ्यातील स्त्रियांच्या आठवणी जिल्हावार टिपण्याचे काम पदव्युत्तर प्रबंधांतून होऊ शकते. १९६४ साली विशीत असलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या पुढे आहेत.

दादासाहेबांची शेवटची वर्षे पक्षातील गटबाजीने आणि सत्ताधाऱ्यांशी केलेल्या युतीवरील टीकेने झाकोळली. १९६८ मध्ये त्यांची राज्यसभेची मुदत संपली आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. शांताबाई दाणी त्याच वर्षी विधान परिषदेवर गेल्या. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. सरकारी जमिनींच्या वाटपासंबंधीचे महाराष्ट्राचे नियम त्याच वर्षीचे आहेत.